पाऊल उचलण्याच्या बाजूने

दि. २ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुम्ही दोघे सुखरूप पोहोचल्याचा निरोप आमच्या मेहुण्यांनी पाठवला. निरोपात एकच क्रियापद होते. विमान, हवामान आणि तुझी पाठ यांचा अंदाज मी माझ्या परीने बांधला. फोनवर मला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्या कानाने जे येते ते पटत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा पत्रेच लिहू. मी कागदावर लिहीन आणि तुझ्या कारखान्यातल्या घडीवाल्या बाई त्याचा फोटो काढून तुला धाडतील. तीस वर्षे छापील ताव दुमडण्यात घालवलेल्या या बाईंनी माझे अक्षर पाहून एवढेच विचारले, की कागद सुलटा कोणत्या बाजूने धरायचा.

तू परत येईपर्यंत मी तुझ्या घरात राहीन आणि बाइंडिंगच्या कारखान्यावर लक्ष ठेवीन, असे कबूल केले आहे. लक्ष ठेवतो आहे. त्यापलीकडे मला कशालाही हात लावू देत नाहीत.

प्रकरणाचा आरंभ एकदा नीट नोंदवून ठेवू. जानेवारीत एका सरकारी कचेरीच्या साठ वह्या परत आल्या, कारण प्रत्येकीत तारेचा टाका एकाच जागी दोनदा पडला होता. तू मशीनला दोष दिलास. मेकॅनिकने मशीन निर्दोष ठरवले. मग तुझ्या ध्यानात आले, की मशीनची पायाखालची पट्टी दाबणारा डावा पाय वेळेवर वर येत नाही. कमरेच्या मणक्यातली गादी सरकून नस चेपली गेली आहे, हे त्यानंतर तीन आठवड्यांनी डॉक्टरांना कळले. म्हणजे निदान आधी कचेरीच्या कारकुनाने केले आणि त्याचे श्रेय त्याला कोणी दिले नाही. इथे शस्त्रक्रियेची तारीख सप्टेंबरातली मिळत होती. नस तोवर थांबणार नव्हती, म्हणून तुला परदेशी जावे लागले.

तेव्हा मूळ प्रश्न दुखण्याचा नाही, पावलाचा आहे, हे विसरू नकोस. दाबणे हे अर्धे काम, उचलणे हे उरलेले अर्धे. आणि तुझा सगळा धंदा त्या उरलेल्या अर्ध्यावर उभा आहे. सर्जनला तीन गोष्टी विचार: वेदना जाईल का, पाऊल उचलले जाईल का, आणि दोन्ही उत्तरांना आधार काय. त्याने हसून खांद्यावर हात ठेवला तर ते उत्तर धरू नये.

भित्रेपणा करू नकोस. केलास तर कळवू नकोस.

तुझ्यावर माया असलेला, पण ती पुराव्याने सिद्ध करू न शकणारा,
दादा


दि. ५ मार्च

ती. स्व. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

सर्जन पुरुष असेल हे तुम्ही गृहीत धरलंत. चाळीस वर्षं वकिलीच्या पोरांना तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने! सर्जन बाई आहेत, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. हसत नाहीत, खांद्याला हात लावत नाहीत, वाक्य अर्धवट सोडत नाहीत. अगदी तुमच्या पंथाच्या आहेत. तुमचे तिन्ही प्रश्न मी दुभाष्यामार्फत विचारले. दुभाष्याने तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नांचे चार शब्द केले, तेव्हा तुमची फार आठवण आली.

उत्तरं अशी. वेदना बहुतेक जाईल. पावलाबद्दल त्या काहीच कबूल करत नाहीत. नस दोन महिने दाबाखाली होती. आपण दाब काढू शकतो, नसेला हुकूम देऊ शकत नाही. सहा आठवडे रोज व्यायाम, मग त्या तपासतील आणि मगच काय ते सांगतील.

खोली स्वच्छ आहे. खिडकीतून रुग्णालयाची धुलाई दिसते. दिवसभर चादरींच्या गाड्या आत-बाहेर करतात. पलंग बटण दाबलं की वर येतो. ह्यांनी तो सकाळपासून अकरा वेळा वर-खाली केला, दोनदा मी त्यावर असताना. संमतीचे कागद सहीला आले ते उजव्या कोपऱ्यात टाचलेले, पानं उलटताना फाटणारच. मी सही करायच्या आधी ते सोडवून डावीकडे नीट टाचून मागितले. नर्सला वाटलं, मी ऑपरेशनला घाबरून वेळ काढते आहे. दोन्ही खरं होतं.

विमानात ह्यांनी एक सबंध प्रश्न विचारला, म्हणून लिहिते. दादांचा जर तू परदेशी जाण्याला विरोध होता, तर जावं म्हणून सगळ्यात चांगलं पत्र त्यांनीच कसं लिहिलं? मग मी आपल्या घरचा कायदा समजावला. वडील म्हणायचे, समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली तरच आपली मांडायची. पहिलं पान समोरच्याचं, दुसरं आपलं. आणि पहिल्या पानावर दुसऱ्याची सावलीसुद्धा पडता कामा नये. मला सायकल घेण्याला तुमचा विरोध होता, आणि तुमचं पहिलं पान वाचून वडिलांनी दुसरं न वाचताच सायकल आणली, तेही सांगितलं. हे ऐकत होते की झोपले होते, कळायला मार्ग नाही. दोन्ही वेळी चेहरा तोच असतो.

उद्या सकाळी आठला नेणार. भीती वाटते, पण तुम्ही कळवायचं नाही म्हणालात.

आशीर्वाद असू द्यावा, पुराव्याशिवाय चालेल.
तुमची
भिंगरी


दि. १० मार्च

ती. स्व. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्याने, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहिते आहे. एका वेळी वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही. वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, भरलेल्या किटलीहून जड काही उचलायचं नाही. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळायचं आणि ओंडका गडगडावा तसं एका तुकड्यात उठायचं. जन्मभर मला कोणी एका जागी बसवू शकलं नाही, आणि आता बसायचं नाही म्हणतात तर दिवसभर बसावंसं वाटतं.

ऑपरेशन तासाभरात आटोपलं. जाडजूड ग्रंथाची पाठ सुकायलाही याहून जास्त वेळ लागतो. शुद्धीवर आले आणि दुखणं शोधू लागले, कपाळावरचा चष्मा टेबलावर शोधावा तसं. कुठेच सापडेना. जानेवारीपासून कमरेतून पोटरीपर्यंत जी तापलेली तार ओढल्यासारखी वाटायची, ती गेली. मी रडले. नर्सने दुखतंय का विचारलं. दुखत नाही म्हणून रडते आहे, हे खुणांनी सांगणं फार कठीण असतं.

व्यायाम करून घेणारा माणूस बुटका आणि खांद्याने दार अडवेल एवढा रुंद आहे. त्याला आमची भाषा येत नाही, मला त्याची, त्यामुळे आमचं छान जमतं. पायाला विजेचा बारीक झटका देतो आणि घड्याळाकडे बघत बसतो. कौतुक करत नाही, रागावत नाही. पहिल्या दिवशी मी त्याला हसवायचा प्रयत्न केला, तर त्याने ते व्यायामात धरलं नाही.

हे माझ्या खोलीतल्या आरामखुर्चीत झोपतात. त्यांच्या घोरण्याबद्दल शेजारच्या खोलीतून लेखी तक्रार आली. त्यांनी ती दुभाष्याकडून समजून घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि पुन्हा झोपले.

पाऊल आहे तसंच आहे. कारखान्याचं कळवा.

तुमची,
सरळ उभी असलेली
भिंगरी


दि. १३ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र वाचले आणि मग मापले. व्यायामवाल्याला एक परिच्छेद, आमच्या मेहुण्यांच्या घोरण्याला एक परिच्छेद, पावलाला चार शब्द. साक्षीदार ज्या मुद्द्यावर सर्वांत कमी बोलतो, उलटतपासणी तिथूनच सुरू करावी, असे मी वर्गात शिकवीत असे. वेदना गेली याचा मला आनंद आहे, आणि तो येथे मी एका वाक्यात नोंदवतो. कारण आनंदाला युक्तिवाद लागत नाही. पण आता पाऊल. अंगठा हलतो का? टाच टेकवून चवडा किती वर येतो? नेमके लिहावे. ‘आहे तसंच’ हे माप नव्हे.

कारखान्याची हकीकत. मी खळ करायला घेतली आणि तिच्यात गुठळ्या झाल्या. घडीवाल्या बाईंनी ती पाहिली, गाळली, आणि मला पावत्या लिहायच्या टेबलावर बसवले. ही बढती आहे असे त्या म्हणाल्या. एका विद्यार्थ्याचा प्रबंध बांधणीला आला होता. त्याचे ताव शिवणीची वाट पाहत पडून होते, म्हणून मी तो वाचला. आणि वाचताना तिसऱ्या प्रकरणातल्या तीन निष्कर्षांना आधार नाही, हे समासात पेन्सिलीने नोंदवले. विद्यार्थी प्रबंध न्यायला आला आणि संतापला. आपण पुठ्ठा मागितला होता, परीक्षक नव्हे, असे त्याचे म्हणणे. मला ते मान्य करावे लागले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि चौथे प्रकरणही पाहाल का, असे हळूच विचारून गेला. घडीवाल्या बाई म्हणतात, असेच चालले तर पाटीवर माझे नाव लावावे लागेल. त्यांचा रोख कौतुकाचा नव्हता.

तुझ्या मशीनवर कापड टाकून ठेवले आहे. त्याला कोणी हात लावलेला नाही.

उत्तर नेमके हवे, या अपेक्षेसह,
दादा


दि. २० मार्च

ती. स्व. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

आठवड्यापूर्वी आम्ही रुग्णालय सोडून जवळच दोन खोल्या घेतल्या. तिसरा मजला, लिफ्ट आहे, खाली एक बाक आणि एक झाड. घरमालकीण दारावर दोनदा टकटक करते आणि उत्तराची वाट न पाहता आत येते, त्यामुळे अगदी आपल्याच घरी असल्यासारखं वाटतं.

आता माझा अर्ज. मला घरी यायचं आहे. सर्जनबाईंनी तीन आठवड्यांनंतर प्रवासाला परवानगी दिली आहे. विमानात मधून मधून उठून चालायचं, एवढीच अट. सहा आठवड्यांची तपासणी काय, तिकडचा डॉक्टरही करील. पायाचं जे व्हायचं ते तिथेही होईल. वह्यांचा हंगाम तोंडावर आहे, घडीवाल्या बाई एकट्या, आणि तुम्ही ग्राहकांचे प्रबंध वाचता.

तुम्ही माप विचारलंत. त्यांनी बुटात घालायला प्लॅस्टिकचा एक साचा दिला आहे; तो पाऊल धरून ठेवतो म्हणून चालते. साचा काढला की पाऊल ओल्या कागदासारखं लोंबतं. चवडा वर येत नाही. हे माप झालं का?

घरच्या कायद्याप्रमाणे दोन्ही पानं पाठवा. तुमच्या पहिल्या पानाशिवाय मला माझी बाजू काय आहे हेसुद्धा नीट कळत नाही.

वाट पाहणारी
भिंगरी


दि. २२ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

घरी परतावे, हेच योग्य आहे.

जिने तुझा मणका उघडून पाहिला, तिने प्रवासाला अनुमती दिली आहे. ज्याने तो पाहिला नाही, त्याने तिच्याहून अधिक सावध असण्याला सावधपणा म्हणत नाहीत. नस आपल्या गतीने सुधारते. रुग्ण कोणत्या गावी राहतो, याची ती चौकशी करीत नाही. व्यायामाला जमीन लागते आणि निश्चय लागतो. जमीन इथेही आहे.

शिवाय माणूस नुसता रुग्ण म्हणून फार दिवस राहू शकत नाही. जिथे तुला कोणी ओळखत नाही, तिथे तू एक पाऊल आहेस. इथे तू मालकीण आहेस, हिशेबी आहेस, भांडखोर आहेस, आणि पाऊल हा त्यातला एक भाग आहे. चाळीस वर्षे जे हात सकाळी नऊला कामाला लागले, ते रिकामे ठेवून पायाकडे पाहत बसणे हा उपचार नसून शिक्षा आहे. कामात गढलेल्या माणसाचे शरीर त्याच्या नकळत बरे होते, हे आपण आपल्या आईच्या बाबतीत पाहिले आहे.

सहा आठवडे पुरे झाल्यावर पाऊल उचलेल, हेही सर्जनने कबूल केलेले नाही. जे मिळेल याची हमी नाही, त्यासाठी जे निश्चित आपले आहे त्यापासून दूर राहणे शहाणपणाचे नव्हे. यावे.

दादा


दि. २४ मार्च

ती. स्व. दादा यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. ती झोपली होती, मीच आधी वाचले. पूर्ण पटले. २७ तारखेची तिकिटे काढली.

तिला सांगितले. ती काही बोलली नाही. एरवी बोलते.

तिने लिहिले नसेल म्हणून लिहितो. आठ दिवस ती व्यायामाला गेलेली नाही. सकाळी निघते, खाली बाकाशेजारी झाडाला टेकून उभी राहते, तासाभराने वर येते. मी खिडकीतून पाहतो. तिला माहीत नाही. घरी आली तर निदान हात कामाला लागतील, असे वाटले. तुम्हीही तेच लिहिलेत.

पत्र लांबले, क्षमा असावी.

आपला,
भिंगरीचा नवरा


दि. २४ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

या पत्राला पहिले पान नाही.

तुझ्या बाजूने जे लिहायचे ते मी परवा लिहिले आणि त्यावर तिकिटे निघाली. ते पान धाडून घडीवाल्या बाई दोन दिवस सुट्टीवर गेल्या, म्हणून दुसरे पान माझ्याजवळ पडून राहिले. त्यात चार आक्षेप होते. परवानगी आणि सल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा पहिला. इथे व्यायाम करून घेणारा माणूस बसने दोन तासांवर आहे आणि तुला वीस मिनिटे बसता येते, हा दुसरा. चारही बिनतोड होते. ते पान मी आता पाठवीत नाही, कारण आज सकाळी मला कळले, की तू आठ दिवस व्यायामाला गेलेली नाहीस. कोणाकडून कळले ते विचारू नकोस. तुझ्याकडे पाहणारा तिथे एकच माणूस आहे.

येऊ नकोस.

मला ठाऊक आहे, ते पाऊल कदाचित कधीच उचलले जाणार नाही. तसे झाले तर आपण कारखान्याचे काय ते पाहू. मशीन विकू, दुसरे घेऊ, नाहीतर मी पट्टी दाबायला शिकेन आणि घडीवाल्या बाई माझा जीव घेतील. त्या सगळ्याला पुढे वेळ आहे. या तीन आठवड्यांना नाही. माझ्या अक्षरातले एक पान वाचून तू हे तीन आठवडे सोडून दिलेस, हे मला सोसणार नाही. आयुष्यभर मी दोन्ही बाजू मांडल्या आणि त्याचा मला अभिमान वाटत आला. आज मला एकच बाजू दिसते, आणि ती मला नीट मांडताही येत नाही.

मी तुझा थोरला भाऊ आहे म्हणून सांगतो. उद्या सकाळी ऊठ आणि त्या बुटक्या माणसाकडे जा.

दादा


दि. २६ मार्च

ती. स्व. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. इतकं कच्चं पत्र तुम्ही आजवर कोणाला लिहिलं नसेल. थोरलेपणा हे कारण म्हणून पुढे केलं आहे. थोरला असण्याने पावलाबद्दलचं मत खरं ठरत नाही. तुम्हाला सोसणार नाही हे दुसरं कारण. पण प्रश्न माझ्या पायाचा होता, तुमच्या सोसण्याचा नव्हे. दोन आक्षेप सांगितले आणि दोन लपवून चारही बिनतोड म्हटले. आणि तुम्ही मशीनची पट्टी दाबणार, ही तर उघड उघड धमकी आहे. एखाद्या विद्यार्थ्याने हे लिहून दिलं असतं तर तुम्ही त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

तिकिटं पुढे ढकलली. १९ एप्रिलची.

आता माझा कबुलीजबाब. दुसरं पान येणार हे मला ठाऊक होतं. ह्यांनी तिकिटं दाखवली तेव्हाच सांगायला हवं होतं, की हे तर दादांचं पहिलं पान. मी गप्प बसले. व्यायामाचंही तसंच. प्रयत्न करून न उठलेलं पाऊल आणि प्रयत्नच न केल्यामुळे न उठलेलं पाऊल दिसायला सारखंच. पण दुसऱ्याच्या बाबतीत मनाशी म्हणायला जागा राहते, की केला असता तर उठलं असतं. मला ती जागा हवी होती. एवढंच.

काल सकाळी गेले. बुटका रागावला नाही. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि विजेच्या तारा लावल्या. ह्यांना मी खिडकीबद्दल विचारलं. त्यांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले की झाड चांगलं आहे. आता तेही बरोबर येतात आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात. व्यायामवाला आणि हे तासभर एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत. दोघांची घट्ट मैत्री झाली आहे.

त्या कच्च्या पत्राबद्दल तुम्हाला नमस्कार. ते मी जपून ठेवणार आहे. पुढे वादात उपयोगी पडेल.

तुमची
भिंगरी


दि. ३ एप्रिल

चि. सौ. भिंगरीस,
अ. आ.

पाऊल?

दादा

ता. क. थोडक्यात लिहिण्याची ही पद्धत मेहुण्यांकडून उचलली. सोयीची आहे.


दि. ५ एप्रिल

ती. स्व. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

अंगठा. फक्त अंगठा, काल दुपारी, तोही इतका की मला वाटलं भास झाला. बुटक्याने मान हलवली. तो मान हलवत नसतो.

फार आशा धरू नका. मी धरलेली नाही, असं लोकांना सांगते आहे.

भिंगरी


दि. १७ एप्रिल

ती. स्व. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

आज सहा आठवडे झाले. नेमकं लिहिते, म्हणजे पुन्हा उलटतपासणी नको.

सर्जनबाईंनी मला पलंगावर पाय लांब करून निजवलं, चवडा वर घ्यायला सांगितला आणि त्यावर हात ठेवून खाली दाबू लागल्या. मी दाबू द्यायचं नाही, एवढंच काम. पाऊल त्यांच्या हाताला अडलं. मग त्यांनी जोर वाढवला तेव्हा हरलं. त्यांनी कागदावर पाचपैकी चार लिहिले. मार्चच्या सुरुवातीला तिथे एक होता. उरलेल्या एकाचं विचारलं, तर म्हणाल्या, येईल किंवा येणार नाही, वर्षभर व्यायाम सोडायचा नाही. तुम्ही असता तर तुम्हाला त्या फार आवडल्या असत्या आणि तुमचं कडाक्याचं भांडण झालं असतं.

मशीनचं मी त्यांना करून दाखवलं. हवेत पाय दाबला, उचलला, दाबला, उचलला. दहा-बारा वेळा झालं आणि पाय मंदावला. तेव्हा ठरवून टाकलं आहे. रोज एक तास मशीनवर मी, बाकीचा वेळ घडीवाल्या बाईंना शिकवीन. त्या कुरकुरतील आणि मग माझ्यापेक्षा चांगलं करतील. कारखाना बंद होत नाही. तुम्हाला पट्टीला हात लावायची गरज नाही, पायही नाही. हवं तर आल्या-गेल्याचे प्रबंध वाचत बसा, पण पेन्सिल मी काढून घेणार.

तपासणी करून आम्ही चालत परतलो. साचा पिशवीत होता; बुटात नुसतं पाऊल. वाटेत एक रुंद रस्ता लागतो. तिथला माणसांसाठीचा हिरवा दिवा फार थोडा वेळ असतो. आम्ही आलो तेव्हापासून तो माझ्या अर्ध्या वाटेतच लाल व्हायचा, आणि हे मागे उभे राहून गाड्यांना हात दाखवायचे. आज दिवा लागला तशी मी निघाले. पाय कुठे घासतो का, याकडे कान होता, घासला नाही. पलीकडच्या फुटपाथवर चढले, मागे वळले, तर शेजारी कोणी नाही. हे रस्त्याच्या मधोमध उभे. दिवा लाल झालेला, दोन्ही बाजूंनी गाड्या भोंगे वाजवतायत, एक ड्रायव्हर खिडकीतून हात काढून काहीतरी ओरडतोय, आणि हे खाली मान घालून माझ्या पावलाकडे पाहतायत.

मी दोन हाका मारल्या. ऐकू गेल्या नाहीत. मग तिथेच उभी राहिले, ते येईपर्यंत.

परवा निघतो. तोवर आमच्यावरचा जीव आहे तसाच असू द्या.

आपली धाकटी,
भिंगरी